एमेटचा सर्वांत वाईट सामना

रविवार, २७ ऑक्टोबर

गेल्या रविवारच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. प्लॅट स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात नवख्या लाइनमनचं पाऊल चुकलं की कोच हेनिंग त्याची शिक्षा चौथ्या वर्षाच्या मुलाला देतात, त्याला मैदानाभोवती पळवतात, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी फक्त एक दांडगा मुलगा पळताना पाहिला आणि उरलेलं मनाने भरलं. कोच तेव्हा पाठमोरे उभे होते. त्या मुलाला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं.

माझ्या भावाने, एमेटने, त्याला त्या दिवशी जेवताना विचारलं होतं. मला हे आज कळलं, बदकांना दाणे घालताना.

"तो म्हणाला, त्या पोराचा पाय मी शिकवलाय. चुकला तर पळायचं मी. कोचला कशाला मध्ये घ्यायचं?"

"आणि हे तू मला आठवड्याने सांगतोयस?"

"तू विचारलंस कुठे? तू लिहीत होतीस."

म्हणजे तिथे जुना मुलगा एका नवख्याला पदरी घेतो. ही रीत पोरांची आहे, कोचची नाही. दोन्हींत फार फरक आहे. मी कोच हेनिंगना निर्दय ठरवून बसले होते.

ही चूक मला एवढी लागली, कारण माझ्या लिहिण्यावर एमेटचं पुढचं सगळं ठरणार आहे. त्याला दोन विद्यापीठं बोलावतायत. एक प्लॅट स्टेट, इथून दोन तासांवर. दुसरं बेयू टेक, पार दक्षिणेत, लुइझियानात; बाबा स्वतः तिथे खेळले. चार डिसेंबरला, बुधवारी, एमेटला एकाच्या कागदावर सही करायची आहे. दोन्हीकडची लाइन कशी घडवतात ते मी बघून, तोलून सांगायचं, असं बाबांनी जेवणाच्या टेबलावर ठरवून टाकलं. "अडेला सांगेल. ती कोणाकडे झुकत नाही." हे बोलताना त्यांच्या डोक्यावर बेयू टेकची मरून रंगाची टोपी होती. आई म्हणाली, "लेन, निदान टोपी तरी काढून बोल."

मी झुकते, हे इथे लिहून ठेवते. तो दोन तासांवर असला तर मला बरं वाटेल. म्हणून प्लॅट स्टेटबद्दल जे जे चांगलं दिसेल, ते मला दोनदा तपासावं लागेल.

आम्ही दोघं घरीच शिकलो. भाषा आणि गणित आईने स्वयंपाकघरात शिकवलं, उरलेलं बाबांनी यंत्रांच्या शेडमध्ये. एमेट वाकून उभा राहायचा आणि मी त्याच्या डोक्यावर झाडूचा दांडा आडवा धरायचे. पहिल्या दोन पावलांत डोकं दांड्याला लागलं की पुन्हा पहिल्यापासून. लाइनमनचा चेंडूशी काही संबंध नसतो. समोरून अंगावर येणाऱ्याला थोपवायचं, मागे उभ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ मिळवून द्यायचा, एवढंच. सगळं गाव चेंडू बघतं. आमच्या घरात पाय बघतात. माझ्याजवळ जी काही नजर आहे ती त्या शेडमधली आहे. त्याबद्दल मी बाबांना कधी काही बोललेले नाही, हे आता लिहिताना लक्षात आलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

संध्याकाळी कोच हेनिंगचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला. आम्ही पाठवलेली चित्रफीत त्यांनी पाहिली होती. बाबांनी ती दोन महिने खपून जुळवली आहे; एमेटने समोरच्याला उताणा पाडलाय असे सगळे प्रसंग एकामागोमाग एक.

"छान आहे," कोच म्हणाले. "आता त्याचा सर्वांत वाईट सामना पाठवा. अख्खा. कापाकापी न करता."

बाबांनी फोनकडे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "कशाला?"

"पडलेला माणूस मला सगळेच पाठवतात, मिस्टर वोंड्रा. मला बघायच्यात त्या त्याच्या चुका; त्या मलाच सुधारायच्यात."

फोन ठेवल्यावर बाबा खोलीभर फिरले. कमरेचं दुखणं उठलं की ते पाय जरा ओढतात. "नवरी बघायला यायचं आणि म्हणायचं, तापात असतानाचा फोटो दाखवा," असं म्हणाले. आई हसली. मी हसले नाही, कारण सर्वांत वाईट सामना कोणता हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

एल्क रिजच्या संघाविरुद्धचा. एमेटच्या बाजूने त्यांचा एक गडी सुटला, थेट मायलोवर गेला. मायलो आमच्या गावच्या संघाचा क्वार्टरबॅक आणि एमेटचा लहानपणापासूनचा मित्र. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एमेटने ती फीत आजवर पाहिलेली नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर

एमेटला विचारलं. म्हणाला, "पाठव." मी म्हटलं, आधी तू बघ, तुझ्या पाठीमागे नाही पाठवणार. म्हणाला, "मग नको पाठवू." थोड्या वेळाने परत आला. "शनिवारी बघू. तू बस बरोबर."

शनिवार, २ नोव्हेंबर

दुपारी पाहिली. टेबलावर आईने खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, ठेवले आणि ती बाहेर निघून गेली. एमेटने एकालाही हात लावला नाही. असं कधी होत नाही.

मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, फक्त खेळ थांबवायचा आणि पुढे न्यायचा. पहिला अर्धा भाग चांगला होता. मग तो प्रसंग आला. आम्ही तो कितीदा तरी मागे-पुढे केला.

"मी हळू होतो," तो म्हणाला. "पाय जड झाले. सगळे तेच म्हणतात."

मलाही तेच वाटायचं. पण पाय बरोबर पडत होते. मी पुन्हा पायांवरून वर गेले, कंबर, खांदे, मग मान. "एमेट, तू मागे बघतोयस."

"कुठे?"

"इथे. तो अंगावर यायच्या आधी. मायलो कुठे उभा आहे ते तू मान वळवून बघतोयस."

त्याने ते पाहिलं. त्याच्या आधीच्या खेळीतही होतं, आणि त्याच्याही आधी. मायलोला दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच एक धक्का बसला होता. तेव्हापासून एमेट दर वेळी मान वळवत होता. त्याला थोपवायचं होतं समोरच्याला, आणि तो काळजी करत होता मागच्याची.

"म्हणजे मी हळू नाही," तो म्हणाला.

"हळू नाहीस. चूक मात्र तुझीच आहे." हे बोलायला नको होतं का? पण खरं होतं.

तो म्हणाला, "हो, चूक माझीच आहे," आणि दोन कोलाचे एकदम तोंडात कोंबले. मग उठून मायलोकडे गेला.

बाबा दारात उभे होते ते मला नंतर दिसलं. किती वेळ होते माहीत नाही. म्हणाले, "मान. मला नाही दिसली." आणि गेले. मला वाईट वाटलं. त्यांची फीत मी जणू पुसून टाकली.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सामना पाठवला. सोबत माझी टिपणं जोडली. कोणत्या खेळीत पाय बरोबर, कुठे मान फिरली, कुठे हात बाहेरून गेले. जे चांगलं होतं तेही लिहिलं, पण थोडं कमीच.  मी माझ्या भावाच्या विरुद्ध साक्ष दिल्यासारखं झालं आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

मी धान्याच्या सहकारी संस्थेत वजनकाट्यावर कामाला होते, तिथेच कोच हेनिंगचा फोन आला. दारात ट्रकांची रांग. मी म्हटलं, दोनच मिनिटं.

"टिपणं कोणी लिहिली?"

"मी. एमेटची बहीण."

"कुठे शिकलीस हे?"

"घरी."

"घरी कोणाकडे?"

"बाबांकडे. शेडमध्ये."

ते म्हणाले, "मान वळते ती मी दोन वर्षांत सोडवीन, त्याची चिंता नको. पाय मला शिकवावे लागणार नाहीत. ते ज्याने शिकवले त्याला माझा निरोप सांग, असे पाय मी पोरांना तिसऱ्या वर्षी देतो. हा ते घेऊनच येतोय. वडिलांना भेटायला मला आवडेल."

जेवताना मी निरोप शब्द न् शब्द सांगितला. बाबांनी काटा खाली ठेवला, "बरं," म्हणाले आणि शेडमध्ये निघून गेले. जेवण अर्धं राहिलं. ते दुखावले असणार. दुसऱ्या विद्यापीठाच्या कोचने त्यांची स्तुती करावी म्हणजे त्यांना फितवल्यासारखंच वाटलं असेल. मी निरोप जरा सौम्य करून सांगायला हवा होता. आईला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "अगं, तुला पाय दिसतात, माणसं कधी दिसायची?" मला कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, भांडी पूस.

रविवार, १० नोव्हेंबर

आम्ही तिघं बेयू टेकहून परतलो. आई बदकांसाठी मागे राहिली होती. सगळं नीट लिहायचं आहे.

आधी चांगलं, कारण इथेच माझा तोल जाण्याची भीती आहे. त्यांचं व्यायामगृह आमच्या चर्चएवढं आहे. प्रत्येक मुलासाठी स्वयंपाकी वेगळं ताट काढतो. लाइनचे कोच टॉलिव्हर मोकळे, हसरे, आणि एमेटशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघून बोलतात. आपण इथले जुने खेळाडू आहोत असं बाबांनी सांगितल्यावर त्यांनी उठून हस्तांदोलन केलं, आणि ते मनापासून होतं.

मी विचारलं, "नवख्या मुलाला तुम्ही किती वर्षं देता?"

ते म्हणाले, "मी तुला गोड उत्तर देऊ शकतो, मिस वोंड्रा."

"नको."

"एक वर्ष. माझ्या आत्ताच्या पाचांपैकी चौघं दुसऱ्या विद्यापीठांतून तयार होऊन आले आहेत. मी घडवत नाही असं नाही, मला घडवायला आवडतं. पण दोन हंगामांत निकाल दिला नाही तर मीच इथे नसेन. तुझ्या भावाला वचन द्यायचं तर तेव्हा मी कुठे असेन हे मला माहीत पाहिजे."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. एवढं खरं कोण सांगतं? जिथे जुना मुलगा नसतो तिथे नवख्याला कोण शिकवणार, हे मी त्यांना विचारलं नाही. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

बाबांनी विचारलं, "जुने लाइनमन येतात का इथे? भेटायला?"

"येत असतील, सर. मी फेब्रुवारीपासून आहे."

बाबा मोठ्याने हसले. मग आम्ही सामना पाहिला. ऐंशी हजार माणसं चेंडूबरोबर डावीकडे-उजवीकडे माना फिरवत होती, आणि त्यांत आम्ही तिघं उजव्या कोपऱ्यातल्या एका नवख्या लाइनमनकडे बघत बसलो होतो. तो घाबरलेला होता. समोरच्याने त्याला चार वेळा चुकवून मागे टाकलं. बाहेर येऊन तो बाकावर एकटाच बसला.

"कोणीतरी जा रे त्याच्याजवळ," बाबा हळूच म्हणाले. कोणी गेलं नाही.

मग आम्ही परत निघालो. जिने उतरताना बाबांनी कठडा धरला होता. तिथे दोन हंगाम खेळल्यावर त्यांची कंबर गेली, ती त्याच मैदानावर. जुनं सगळं आठवून त्यांचा ऊर भरून आला असणार. आता ते बेयू टेकशिवाय दुसरं काही ऐकायचे नाहीत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बेयू टेकची बाजू मी जितकी भक्कम मांडता येईल तितकी मांडून पाहिली. तिथे लवकर खेळायला मिळेल, देश बघेल, जेवण उत्तम. प्लॅट स्टेटमध्ये तीन वर्षं थांबावं लागेल, आणि थांबूनही जागा मिळेलच असं नाही. हे सगळं खरं आहे. तरी पारडं दुसऱ्या बाजूलाच जातं. मग वाटतं, हे माझं मन ढकलतंय.

बाबांना एवढ्यापर्यंतचं वाचून दाखवलं. ते ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, "हेनिंगची जुनी पोरं आता चालतात कशी?"

हे मी बघितलंच नव्हतं. मला फार लाज वाटली. ते आणखी एक दोष काढणार असतील तरी प्रश्न योग्य होता.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज काट्यावर ड्वाइट क्रेब्ज मका घेऊन आला. चाळिशीचा शेतकरी, दारातून आत येतो तर उजेड जातो. तो हेनिंगकडे खेळला होता, हे आठवून मी विचारलं, "मिस्टर क्रेब्ज, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"का गं, लग्नाचं बघतेस काय माझं? बायको आहे मला."

मी कारण सांगितलं. त्याने टोपी काउंटरवर ठेवली, मधोमध उभा राहिला आणि पार खाली उकिडवा बसला. मागचा ट्रकवाला ओरडला, "ड्वाइट, अंडं घालतोयस का?" ड्वाइट तसाच बसून म्हणाला, "बाईंना गुडघे दाखवतोय," आणि सरळ उठला. "हेनिंग म्हाताऱ्याने मला पहिली दोन वर्षं सामन्यात पाऊल टाकू दिलं नाही. रडलो होतो तेव्हा. अंग भरलं नव्हतं ना. आता दर शरदात त्याला मक्याची पोती नेऊन देतो."

जेवताना बाबांना सांगितलं.

"उठताना हात टेकला?"

"नाही."

"काउंटरला?"

"नाही बाबा. मी मुद्दाम बघत होते."

त्यांनी ताट बाजूला सारलं. गोडाचा ॲपल पाय न खाताच उठले. आता मला त्यांच्यासमोर प्लॅट स्टेटचं नाव काढायचीही भीती वाटते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

निकाल तयार झाला म्हणून आधी एमेटला सांगितला. प्लॅट स्टेट. का ते सविस्तर सांगायला लागले तर तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी तेच ठरवलंय. तो मुलगा पळताना बघितला ना, तेव्हाच."

तो ऑक्टोबरचा पहिला दौरा. महिना उलटून गेला. "मग मला हे सगळं का करू दिलंस? लुइझियानापर्यंत नेलंस?"

"तू शिट्टी वाजवत होतीस."

"मी शिट्टी वाजवत नाही."

"वाजवतेस. टिपणं काढताना. आईला विचार. म्हटलं, चाललंय तर चालू दे." मग गंभीर झाला. "आणि बाबांना सांगायला माझं धाडस होत नव्हतं. तू सांगितलंस तर ते ऐकतील असं वाटलं. त्यांनी मला सगळं शिकवलं, आणि मी त्यांची टोपी परत करतोय, असं वाटतं ना."

मी म्हटलं, मी सांगते. म्हटलं खरं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. बदक, डंपलिंग, आंबवलेला कोबी. आमच्याकडे जेवणाआधी प्रत्येकाने एका गोष्टीचे आभार मानायचे असतात. मी मनात ठरवलं होतं, बाबांच्या पाळीनंतर लगेच बोलून टाकायचं.

एमेटने मायलोचं हाड जुळल्याबद्दल आभार मानले. आईने आम्हा दोघांना घरी शिकवता आलं म्हणून. मग बाबा. ते म्हणाले, "बेयू टेकने मला घेतलं, तेव्हा या जिल्ह्यातून कोणालाच कोणी घेत नव्हतं. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. ते मी परवा तिथे जाऊन, मनातल्या मनात म्हणून आलो." मग म्हणाले, "आणि शेडसाठी. माझं तिथलं खेळणं दोन वर्षांचं. शेडमधलं पंधरा."

हे ऐकल्यावर माझा बेत बारगळला. जो माणूस इतक्या वर्षांनी इतके आभार मानतो, त्याला सणाच्या दिवशी कसं सांगायचं? माझी पाळी आली तेव्हा मी बदकासाठी आभार मानले. एमेटने टेबलाखालून लाथ मारली.

बाबांनी आज टोपी घातली नव्हती. ती मरून रंगाची टोपी खुंटीवरही नाही. रागाने कुठे ठेवून दिली असेल. दुपारभर ते जुन्या पिकअप गाडीपाशी होते. चार वर्षं ती नुसती उभी होती. आता तिला नवे टायर आणि थंडीत इंजिन गरम ठेवायचा हीटर बसवला आहे. विकायची असणार. हात पुसत आत आले आणि मला विचारलं, "प्लॅट स्टेटला पोरांच्या गाड्या ठेवतात तिथे वर छप्पर आहे का गं?"

अजूनही दोषच शोधतायत. मला खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही. उघड्यावरच असतात."

"हं," म्हणाले, आणि ताडपत्री शोधायला माळ्यावर गेले.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

रात्रभराचा विचार इथे उतरवते आणि मग पुरे.

मला तोलायला सांगितलं होतं, ते मी केलं. कोच टॉलिव्हरनी खरं सांगितलं, ड्वाइट क्रेब्जने गुडघे दाखवले, कोच हेनिंगनी वाईट सामना मागितला, आणि एमेटने तो माझ्याशेजारी बसून पाहिला. सगळ्यांनी मला मदतच केली. मीच एकटी बाबांसमोर गप्प बसले, तर या सगळ्यांनी दिलेलं मी खिशात घालून बसल्यासारखं होईल.

काय बोलायचं ते ठरलं. आधी निकाल, मग कारणं. कारणं आधी सांगितली तर ते ऐकता ऐकता उठून जातील, हल्ली तसंच करतात. त्यानंतर सांगायचं की पाय बघायला मला त्यांनी शिकवलं आणि मी त्याच पायांवरून इथवर आले. रागावले तर रागावू देत. निदान हे शेवटचं तरी त्यांच्या कानावर पडेल.

उद्या ते गुरं घेऊन बाजारात जाणार, सोमवारी उशीर होईल. तेव्हा रविवारी, एक डिसेंबरला, चर्चमधून, मिस्सा आटोपून आल्यावर, जेवायच्या आधी. शेडमध्ये.